शेजारच्या गावांना सोबत घेऊन गाजरगवत आटोक्यात आणायचं तर: ग्रामपंचायतींसाठी कामाचा आराखडा

दर ऑगस्टमध्ये बऱ्याच गावांत गाजरगवत निर्मूलनाचा कार्यक्रम होतो. शाळेभोवतीचं, ग्रामपंचायतीच्या आवारातलं, स्मशानभूमीच्या वाटेवरचं गवत लोक मनापासून उपटतात. पुढच्या पावसाळ्यात ते तिथेच, तितकंच उगवतं आणि लोक म्हणतात, ‘काँग्रेस गवत काही जात नाही.’ मेहनत कुठे कमी पडलेली नसते. ऑगस्टपर्यंत पहिल्या पावसाचं गवत फुलून बी टाकून मोकळं झालेलं असतं. शिवाय ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गावात कुणी हातच लावलेला नसतो, त्यामुळे पहिल्या लोंढ्याबरोबर नवं बी खाली येतं.

म्हणून एकट्या गावाने राबण्यापेक्षा शेजारच्या पाच ते आठ ग्रामपंचायतींनी, आणि जवळ नगरपरिषद असेल तर तिलाही धरून, एकाच आराखड्याने काम करावं. तो आराखडा कसा आखायचा, ठराव कसा घ्यायचा, पैसे कुठून काढायचे, दुसऱ्या खात्याच्या जमिनीचं काय करायचं, हे इथे क्रमाने दिलं आहे.

आधी गवताचा स्वभाव

हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. आपल्याकडे ते ठळकपणे नजरेत आलं १९५५ च्या सुमारास, पुण्यात. आयात केलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानलं जातं. एक झाड १० ते २५ हजार बिया टाकतं. बी इतकं बारीक आणि हलकं की चिखलाबरोबर टायरला, खुराला, चपलेला चिकटून गावोगाव जातं. जमिनीत गाडलं गेलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं.

आराखड्यासाठी सर्वात कामाची गोष्ट ही, की उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत झाडाला फूल येतं. उपटायला आपल्या हातात तेवढेच दिवस असतात. पहिल्या तीन आठवड्यांत झाड म्हणजे जमिनीला चिकटून पसरलेल्या, गाजराच्या पाल्यासारख्या पानांचा गोल गुच्छ असतो. ओल्या मातीतून तो दोन बोटांनी मुळासकट येतो. मधून दांडा वर निघाला की काम कठीण होतं आणि पांढरी फुलं आली की आपण पुढच्या वर्षाचं काम वाढवून घेतलेलं असतं.

पहिली पायरी: कोणती गावं एकत्र घ्यायची

तालुका हा घटक फार मोठा आहे आणि त्याची हद्द गवताच्या वाटेशी जुळत नाही. बी ज्या वाटेने फिरतं त्या वाटेवरची गावं धरायची. साधारण तीन वाटा असतात: ओढा किंवा कालवा, बाजाराचा रस्ता, आणि मुरूम-मातीची वाहतूक. ओढ्याच्या उगमाकडचं गाव गटात असायलाच हवं. ते लहान असतं, त्याचं उत्पन्न कमी असतं, सरपंचाला बैठकांना यायला वेळ नसतो, म्हणून नेमकं तेच वगळलं जातं. तसं करू नका. पहिली बैठकच त्या गावात घ्या.

पाच ते आठ गावं पुरेत. त्याहून जास्त झाली की तारखा जुळत नाहीत. खालच्या अंगाला बाजारपेठेचं गाव किंवा नगरपरिषद असेल तर तिचा आरोग्य विभाग आणि बाजारतळाची जबाबदारी असलेला माणूस बोलवा. आठवडे बाजाराच्या तळावर जनावरांच्या वैरणीतून, गाड्यांच्या चाकांतून बी येतं आणि तिथूनच साऱ्या पंचक्रोशीत पसरतं.

पहिल्या बैठकीला सरपंच आणि ग्रामसेवक तर हवेतच, पण त्यांच्याइतकेच शिवार पायाखाली घालणारे लोक हवेत: कृषी सहाय्यक, तलाठी किंवा कोतवाल, रोजगार सेवक, आशाताई, बचत गटाच्या दोन-तीन बायका, आणि उसाचा पट्टा असेल तर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी घेत शेतोशेत फिरणारा कर्मचारी. कुठल्या गट नंबरात कोणत्या बांधावर काय माजलंय, हे चिटबॉयइतकं कुणालाच माहीत नसतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा एक तज्ज्ञ आला तर औषधांबद्दलचे वाद तिथल्या तिथे मिटतात.

प्रत्येक गावाचा एक समन्वयक त्याच दिवशी ठरवा, आणि तो शक्यतो सरपंच नसावा. सरपंच बदलतात आणि हे काम निदान चार-पाच वर्षांचं आहे. बचत गटाची अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, दूध संस्थेचा सचिव अशी माणसं इथे टिकतात.

दुसरी पायरी: मे महिन्यातली शिवारफेरी

नकाशा पावसाळ्यात करू नका. मे महिन्यात करा. तेव्हा गेल्या वर्षीच्या गाजरगवताचे तपकिरी, वाळलेले, फांद्या फुटलेले सापळे उभे असतात. जिथे असे सापळे दाट, तिथे जमिनीत बी दाट. पाऊस पडल्यावर सगळीकडे हिरवंच दिसतं आणि नेमकं काय कुठे आहे ते कळत नाही.

तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत घ्या. दोन-तीन जणांच्या टोळ्या करून रस्ते, पाणंदी, ओढा, कालवा-चाऱ्या, गायरान, गावठाण, पडीक, वीज उपकेंद्र, शाळा, दवाखाना, मंदिराचा परिसर असं फिरा. प्रत्येक पट्ट्यासाठी वहीत चार गोष्टी लिहायच्या: जागा (गट नंबर किंवा ओळखीची खूण), अंदाजे लांबी-रुंदी पावलांत, दाट की विरळ, आणि जमीन कुणाच्या ताब्यात. मोबाइलवर फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा.

चौथा रकाना भरायला सर्वात जास्त वेळ लागतो आणि तोच सर्वात मोलाचा. आमच्या भागात फिरल्यावर जे चित्र दिसलं, ते बहुतेक ठिकाणी तसंच दिसेल. शेतकऱ्याच्या उभ्या पिकात गवत कमी असतं, कारण तिथे खुरपणी होते. खरं गवत असतं ते रस्त्याच्या साइडपट्टीवर, कालव्याच्या भरावावर, रेल्वेच्या कडेला, बंद पडलेल्या वीटभट्टीत, कोर्टात वाद असलेल्या जमिनीत आणि नव्या ले-आउटच्या रिकाम्या प्लॉटांत. म्हणजे जिथे रोज कुणी जात नाही अशा, दुसऱ्याच्या जमिनीत. ग्रामपंचायतीने स्वतःची सगळी जागा साफ केली तरी हे पट्टे तसेच राहिले, तर काहीच साधत नाही.

सगळ्या गावांच्या वह्या एकत्र करून एकच मोठा नकाशा भिंतीवर लावा. तीन रंग पुरेत: लाल म्हणजे दाट, पिवळा म्हणजे विरळ, हिरवा म्हणजे अजून जवळजवळ स्वच्छ. हिरव्या जागांकडे दुर्लक्ष करू नका. जिथे दहा-वीस झाडं आहेत ती जागा एका सकाळी मोकळी करता येते. लोक दाट पट्ट्याकडे धावतात, कारण तिथे काम दिसतं. मी मात्र हिरव्या आणि पिवळ्यापासून सुरुवात करायला सांगतो आणि ओढ्याच्या बाबतीत नेहमी वरून खाली.

तिसरी पायरी: सारखा ठराव, सगळ्या ग्रामसभांत

१ मे ची ग्रामसभा यासाठी अगदी योग्य वेळेला येते. शिवारफेरी तोवर झाली नसली तरी ठराव घ्या. सगळ्या गावांत शब्द तेच ठेवा, म्हणजे पुढे पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत तो एक गठ्ठा म्हणून मांडता येतो. मसुदा साधारण असा:

‘मौजे ____ च्या हद्दीतील गाजरगवताचे नियंत्रण शेजारच्या ____, ____ व ____ या ग्रामपंचायतींसोबत समान तारखांना करण्यात यावे. पहिली उपटणी महसूल मंडळातील पेरणीयोग्य पावसानंतर १८ ते २५ दिवसांत व्हावी. गावचे समन्वयक म्हणून श्री./श्रीमती ____ यांची नेमणूक करण्यात येत आहे. पदाधिकारी बदलले तरी ही नेमणूक ग्रामसभेच्या पुढील ठरावापर्यंत कायम राहील. शासकीय विभागांच्या ताब्यातील जागांबाबत संबंधितांना नकाशासह पत्र द्यावे. झालेल्या कामाचा अहवाल १५ ऑगस्टच्या व २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. अहवाल ग्रामसभेत वाचला जाणार हे माहीत असलं की काम होतं. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारीही ऑक्टोबरपासून सुरू होते, त्यामुळे २ ऑक्टोबरला अहवाल आणि पुढच्या तरतुदीची मागणी एकाच वेळी करता येते.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिलाही यात घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हवी. बऱ्याच गावांत ती कागदावरच आहे. तिला खरं काम द्यायची ही संधी आहे.

चौथी पायरी: एकच घड्याळ

एका गावाने जुलैच्या पहिल्या आठवड्यात उपटलं आणि पलीकडच्याने ऑगस्टअखेर, तर मधल्या काळात पलीकडचं बी अलीकडे येऊन पडतं. म्हणून तारीख सगळ्यांची एकच हवी. पण कॅलेंडरवर छापील तारीख ठरवून चालत नाही, कारण पाऊस कधी ७ जूनला येतो, कधी जून सरत आल्यावर. आम्ही महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून दिवस मोजायला लागलो. मंडळात पेरणीजोगा, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की तो दिवस शून्य धरायचा आणि समन्वयकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तलाठ्याने तो जाहीर करायचा. तिथून पुढे:

१८ ते २५ वा दिवस: पहिली उपटणी. सगळी गावं, सगळ्या जागा.
४० ते ४५ वा दिवस: दुसरी उपटणी. राहिलेलं आणि नव्याने उगवलेलं.
१६ ते २२ ऑगस्ट: तिसरी फेरी. जबलपूरच्या तणविज्ञान संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने हा आठवडा देशभर गाजरगवत जागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. अधिकारी, शाळा, वार्ताहर या काळात सहज मिळतात. त्याचा उपयोग लोकांना दाखवण्या-सांगण्यासाठी करा. मुख्य काम तोवर संपलेलं असलं पाहिजे.
सप्टेंबर-ऑक्टोबर: गाजरगवत खाणाऱ्या भुंग्याची पाहणी आणि गाजरगवताला दाबणाऱ्या तरोट्याचं बी गोळा करायची तयारी (दोन्हींबद्दल पुढे).
नोव्हेंबर ते एप्रिल: फक्त ओलाव्याच्या जागा. कालव्याचे भराव, उसाचे बांध, नळ कोंडाळी, सांडपाण्याचे चर. तिथे गवत बारमाही फुलत राहतं आणि पुढच्या पावसाळ्याचं बी तिथूनच येतं.

आता खरी अडचण. पहिली उपटणी पेरणी-खुरपणीच्या ऐन दिवसांत येते. तेव्हा गावात मजूर मिळत नाही आणि मिळाला तर तो शेतात हवा असतो. यावर एक साधा उपाय चालतो. मोठा पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत शेतात पाय ठेवता येत नाही. काळ्या जमिनीत हे दोन-तीन दिवस तरी असतात. त्या दिवसांत माणसं मोकळी असतात आणि रस्त्याकडेची मातीही ओली असते, म्हणजे मूळ अख्खं निघतं. समन्वयकांनी १८ ते २५ च्या मधले असे वाफसा नसलेले दिवस धरायचे. ज्या गावांत अमावास्येला औत जुंपत नाहीत, तिथे तो दिवसही मिळतो.

उपटताना

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला रुमाल किंवा मास्क. हे सक्तीचं ठेवा. गाजरगवतामुळे त्वचेला खाज, पुरळ, डोळ्यांच्या पापण्या सुजणं, शिंका, दमा असे त्रास होतात आणि एकदा ॲलर्जी बसली की ती वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. चेहरा, मान आणि कोपराची घडी इथे काळसर, खरखरीत झालेली कातडी घेऊन फिरणारे शेतकरी प्रत्येक गावात आहेत. आशाताईंकडून अशा लोकांची नावं आधीच घ्या आणि त्यांना या कामापासून दूर ठेवा. दमा असलेल्यांनाही.

शाळेतल्या मुलांना उपटायला लावू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. श्रमदानाच्या फोटोत पांढऱ्या गणवेशातली, उघड्या हातांची मुलं फुललेल्या गवतात उभी असलेली दिसतात तेव्हा वाईट वाटतं. मुलांना नकाशा करायला द्या, मोजणी करायला द्या, भुंगे ओळखायला शिकवा.

विळ्याने किंवा ग्रासकटरने कापू नका. बुडखा जमिनीत राहिला की त्यातून पुन्हा चार फांद्या फुटतात आणि त्या आणखी खाली, जमिनीलगत फुलतात. जेसीबीने खरवडणंही टाळा. माती हलते, बी वर येतं आणि टायरबरोबर पुढच्या गावात जातं.

फुलाआधी उपटलेल्या गवताचं चांगलं खत होतं. नाडेपच्या, म्हणजे कंपोस्ट खताच्या, टाक्यात शेण, माती आणि काडीकचऱ्याबरोबर थर लावून भरा. फुलावर आलेलं झाड मात्र खतात टाकू नका. ढीग सगळीकडे सारखा तापत नाही, कडेच्या बिया जिवंत राहतात आणि ते खत ज्याच्या शेतात जाईल तिथे गवत जातं. फुललेलं गवत पोत्यात भरून, तोंड बांधून न्यायचं आणि खोल खड्ड्यात मातीखाली गाडायचं. उघड्या ट्रॉलीतून नेलं तर ट्रॉली वाटेभर पेरणी करत जाते.

औषध, भुंगा आणि तरोटा

औषधाचा मोह मोठा असतो, म्हणून इथे थोडं थांबतो. एका गावाने रस्त्याकडेला २,४-डी हे तणनाशक फवारलं आणि वारा पलीकडच्या शिवाराकडे असला, तर कापूस, द्राक्ष, टोमॅटो यांची पानं वेडीवाकडी होतात. ही पिकं त्या औषधाला फार नाजूक असतात. गावांच्या गटात सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. म्हणून नियम करा: गटातल्या कोणत्याही गावाने फवारणीआधी शेजारच्या समन्वयकाला कळवायचं आणि ओढा, विहीर, मधमाशीच्या पेट्या, कापूस किंवा द्राक्षबागेजवळ फवारायचंच नाही. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाबद्दल केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने बंधन घातलं आहे. ते परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरायचं आहे. दुकानातून आणून ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हातात पंप देणं बसत नाही. मिठाच्या १५ ते २० टक्के पाण्याची फवारणी बरेच जण करतात. ती पक्क्या रस्त्याच्या फटींत, भिंतीच्या कडेला ठीक आहे, शेताच्या बांधावर नाही. मीठ जमिनीतच राहतं.

भुंगा म्हणजे मेक्सिकन भुंगा. तो भारतात १९८०च्या दशकात बंगळूरमध्ये आणून सोडला गेला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी-काळ्या नागमोडी रेघा, आकार साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्या पिवळसर अळ्या कोवळा शेंडा आणि पानं खातात, झाड फुलायच्या आतच उघडं पडतं. तो पावसाळ्यात काम करतो, हिवाळा लागला की मातीत जाऊन झोपतो. बऱ्याच गावांत तो आधीच आहे, फक्त लोक त्याला ओळखत नाहीत. ज्या गावात जास्त आहे तिथून पहाटे, गारव्यात, झाड पसरट डब्यावर झटकून भुंगे गोळा करायचे आणि ज्या जागी माणसाने उपटणं शक्यच नाही, जसं वादातली जमीन, रेल्वेकडेचा उतार, मोठं गायरान, तिथे एकाच दाट पट्ट्यात काही शे एकत्र सोडायचे. दहा ठिकाणी पंचवीस-पंचवीस सोडून काही होत नाही. जिथे भुंगा सोडला तिथे उपटणी आणि फवारणी दोन्ही बंद. हा पट्टा भिंतीवरच्या नकाशात वेगळ्या खुणेने दाखवा, नाहीतर उत्साही मंडळी तेच गवत आधी उपटतात.

उपटलेली जागा उघडी राहिली की पुन्हा गाजरगवतच येतं. म्हणून तिथे दुसरं काहीतरी उभं करायला हवं. तरोटा, म्हणजे टाकळा, यासाठी चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा वाळल्या की बी गोळा करायचं, पोत्यात कोरडं ठेवायचं आणि वळवाच्या पावसाआधी साइडपट्टीवर दाट फेकायचं. तो लवकर उगवतो, दाट वाढतो आणि गाजरगवताला ऊन मिळू देत नाही. पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची भाजीही होते. गायरानात मात्र तरोटा नको, तिथे मारवेलसारखं चराऊ गवत लावा, जनावरांच्या तोंडी लागेल. जनावरांनी गाजरगवत खाल्लं की दूध कडवट होतं, हे दूध संस्थेच्या बैठकीत सांगा. तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

पाचवी पायरी: दुसऱ्या खात्यांची जमीन

नकाशातल्या चौथ्या रकान्यावरून खात्यांची यादी काढा: सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद बांधकाम, पाटबंधारे, महावितरण, रेल्वे, वनविभाग, एसटी. प्रत्येकाला एका गावाचं पत्र नको, सगळ्या गावांचं मिळून एकच पत्र द्या. सोबत त्या खात्याच्याच हद्दीतल्या पट्ट्यांचा नकाशा, फोटो आणि पहिल्या उपटणीच्या दिवसांची चौकट. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका. ‘किलोमीटर अमुक ते तमुक दरम्यानच्या डाव्या साइडपट्टीवरचं गवत या आठवड्यात काढावं, अथवा ग्रामपंचायतीस काढण्याची लेखी परवानगी द्यावी’ असं लिहा. दुसरा पर्याय दिला की उत्तर लवकर येतं. परवानगी देणं शाखा अभियंत्याला सोपं असतं.

पत्राची प्रत गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांना. तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, तिथे हा विषय घ्यायला सांगा. सगळी खाती एका खोलीत बसलेली असतात, तिथे दहा मिनिटांत जे होतं ते पत्रव्यवहाराने महिनाभरात होत नाही.

कालव्याच्या चाऱ्यांसाठी पाणीवापर संस्थेकडे जा. जिथे २००५ च्या कायद्याखाली संस्था स्थापन होऊन तिच्याकडे वितरण सोपवलेलं आहे, तिथे चाऱ्यांची देखभाल तिचीच असते आणि सभासद तुमच्याच गावचे असतात. आवर्तन सुटायच्या आधी चारीची कड साफ झाली पाहिजे. पाणी सुटल्यावर बी थेट शेतात जातं.

रिकाम्या प्लॉटांच्या मालकांना नोटीस देण्याआधी फोन करा. बरेच जण पुण्या-मुंबईला असतात, त्यांना प्लॉटवर काय उगवलंय हेच माहीत नसतं. फोटो पाठवला आणि बचत गटाचा दर कळवला की पुष्कळ जण पैसे पाठवतात.

पैसे

इथे गावांचे गट मोडतात, म्हणून स्पष्ट लिहितो. सगळ्यांनी पैसे एकत्र करून एक खातं उघडू नका. एका ग्रामपंचायतीचा निधी दुसरीच्या हद्दीत खर्च झाला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि ग्रामसेवक पुढच्या वर्षी सहीला तयार होत नाही. मजुरी ज्याची त्याने आपल्या हद्दीत द्यायची: स्वनिधीतून, किंवा आराखड्यात घेतलं असेल तर वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून. सामायिक असतात त्या वस्तू: हातमोजे, खुरपी, पोती, फावडी. त्या एका ग्रामपंचायतीने किंवा पंचायत समितीने घ्यायच्या आणि नोंदवहीवर सही घेऊन फिरवायच्या. रोजगार हमीतून नुसती उपटणी निघेल असं गृहीत धरू नका. वृक्षलागवड, चराऊ गवत, पाणंद रस्ता अशा मंजूर कामांच्या अंदाजपत्रकात जागेची साफसफाई बसते का, ते रोजगार सेवकाबरोबर तालुक्याला जाऊन आधी ठरवून घ्या.

वरच्या लहान गावाचा प्रश्न उरतोच. त्याच्याकडे ओढ्याचा सर्वात मोठा पट्टा आणि सर्वात कमी पैसा. खालच्या गावांनी तिथे माणसं पाठवावीत. पहिल्या उपटणीच्या दिवशी सगळ्या गावांची एक-एक टोळी वरच्या गावात, मग उतरत उतरत आपापल्या हद्दीत. जेवण वरच्या गावाने द्यायचं. ही पद्धत हिशेबाच्या कोणत्याही सूत्रापेक्षा चांगली चालते.

बी येण्याच्या वाटा बंद करणं

नव्या रस्त्याच्या साइडपट्टीवर पहिल्याच पावसात गाजरगवत दिसलं तर ते मुरमातून आलेलं असतं. रस्ता, तळ्याचं खोलीकरण, घरकुलाचा भराव अशा प्रत्येक कामाच्या आदेशात एक ओळ घाला: मुरूम-माती ज्या जागेवरून आणायची ती समन्वयकाने पाहिलेली असावी. हार्वेस्टर आणि जेसीबी गटाच्या हद्दीत येताना वेशीवर पाण्याने धुवायला लावा. मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगर बांधवांशी, ऊसतोडीच्या टोळ्यांशी नीट बोला. त्यांच्यावर दोष ढकलू नका. मेंढरं गाजरगवताच्या पट्ट्यातून न येता दुसऱ्या वाटेने यावीत म्हणून वाट दाखवणं हे आपलं काम.

ओढ्यात जलपर्णी असेल तर

तिचं तंत्र वेगळं, पण तत्त्व तेच: वरून खाली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून जलपर्णी पुढे ढकलून देणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. एका गावाचं पाणी मोकळं होतं आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्यात हिरवा गालिचा साचतो. गटाचा पहिला करार हाच असावा की बर्गे काढण्याआधी आपल्या फुगवट्यातली जलपर्णी बाहेर काढायची. काम फेब्रुवारी ते मे, पाणी संथ आणि कमी असताना. बंधाऱ्याच्या थोडं वर पात्रात आडवा दोर आणि बांबू बांधून ती अडवायची, काठावर ओढायची आणि पुराच्या रेषेच्या वर नेऊन टाकायची. काठावरच ढीग ठेवला तर पहिल्या पुरात ती परत पाण्यात. जलपर्णी सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर वाढते. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेचं पाणी भीमेत आणि उजनीत जातं आणि तिथे काय होतं ते इंदापूर-करमाळ्याचे शेतकरी दर वर्षी पाहतात. तुमच्या ओढ्यातही वरच्या वस्तीचं सांडपाणी तसंच येत राहिलं तर दर वर्षी काढत बसावं लागेल. शोषखड्डे आणि परसबागा यांसाठी वित्त आयोगाचा बंधित निधी इथे वापरता येतो.

काम झालं की नाही, हे कसं पाहायचं

किती ट्रॉल्या गवत काढलं, हे मोजू नका. जास्त ट्रॉल्या म्हणजे उशिरा काढलेलं मोठं गवत. त्याऐवजी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नकाशातल्या प्रत्येक पट्ट्यावर जाऊन एकच प्रश्न विचारा: इथे फूल आहे का? हो किंवा नाही. सोबत एक मीटर बाजूची बांबूची चौकट ठरलेल्या दहा जागी टाकून आत किती झाडं आहेत ते मोजा आणि दर वेळी खुणेच्या त्याच खांबाशेजारून, त्याच बाजूला तोंड करून फोटो काढा. ही मोजणी मुलं फार छान करतात. चौकट काठीला बांधून दुरून टाकायची आणि झाडाला हात लावायचा नाही.

लोकांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या-दुसऱ्या वर्षी उगवण घटलेली दिसणार नाही. उपटताना माती हलते, खालचं बी वर येतं. कित्येक गट याच टप्प्यावर ‘उपयोग होत नाही’ म्हणून थांबतात. फूल येऊ दिलं नाही तर साठा हळूहळू संपतो आणि तिसऱ्या वर्षी चौकटीतला आकडा बोलायला लागतो.

एखादं गाव आलंच नाही तर? त्याच्या हद्दीला लागून, आपल्या बाजूने, दाट तरोट्याचा किंवा चराऊ गवताचा पट्टा करा आणि ओढा तिथून येत असेल तर आत शिरतो त्या जागी दर पंधरा दिवसांनी फेरी मारा. त्या गावच्या सरपंचाला १५ ऑगस्टच्या अहवालाची प्रत पाठवत राहा. बरेचदा तिथल्या बचत गटाच्या बायका आधी येतात, कारण जनावरांचं दूध आणि पोरांचे दमे त्याच सांभाळतात.

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की नव्या सरपंचाला पहिल्या महिन्यातच मोठ्या नकाशासमोर उभं करा, ठरावाची नक्कल हातात द्या आणि पुढच्या मे महिन्यातल्या शिवारफेरीची तारीख त्यांच्याच तोंडून जाहीर करून घ्या.